वेदनाशामक गोळीची सवय लागू शकते, हे पेशंटला सांगायचं की नाही?

माहीमकर (धागाकर्ता)

ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन अशी अफूच्या वाटेने काम करणारी वेदनाशामकं लिहून देताना डॉक्टरने पेशंटला तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत: याची सवय लागू शकते, किती दिवस घ्यायची आणि थांबवायची कशी. तोंडी सांगावं, लिहूनही द्यावं, आणि त्याला कळेल अशा भाषेत. आज हे कोणी सांगत नाही. ज्यांना सांगितलं गेलं असेल त्यांनी खाली जरूर लिहा, मला आनंदच होईल.

गंमत अशी की सरकारला हे पुरतं ठाऊक आहे. १ मार्च २०१४ पासून ट्रामाडॉल शेड्यूल एच-१ मध्ये आहे. म्हणजे केमिस्टने वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. एप्रिल २०१८ मध्ये तेच औषध एनडीपीएसखाली, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. पोलिसांना माहीत, एफडीएला (अन्न व औषध प्रशासनाला) माहीत, केमिस्टला माहीत. ज्याच्या पोटात गोळी जाते तो सोडून सगळ्यांना माहीत.

"पाकिटावर लिहिलेलं असतं" असं कोणी म्हणण्याआधी ती लाल चौकट वाचा. इंग्रजीत आहे. वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणं धोक्याचं आणि चिठ्ठीशिवाय विकू नये, एवढंच. सवयीबद्दल एक अक्षर नाही. जो सल्ल्यानेच घेतोय तो म्हणणार, मग मला कसला धोका? शिवाय आपल्याकडे अख्खी स्ट्रिप घेतो कोण? केमिस्ट कात्रीने सहा गोळ्या कापून देतो, चौकट उरलेल्या तुकड्यावर राहते. माहितीपत्रक खोक्यात आणि खोका दुकानात.

माझ्या सासऱ्यांची मणक्याची चकती सरकली होती. अशाच एका गोळीने आराम पडला, मग तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या येत राहिल्या. गणपतीला गावी गेले आणि गोळ्या मुंबईत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून घाम, नाक गळणं, जांभया, जुलाब, पाय जागेवर ठेववेनात. आधी प्रवासाची दगदग म्हटलं, मग व्हायरल, मग डेंग्यूची तपासणी. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "रोजची कुठली गोळी चुकली का?" मुंबईत चिठ्ठी लिहिणाऱ्याने हे आधी सांगितलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?

माझी मागणी साधी आहे. केसपेपरवर किंवा चिठ्ठीवर एक शिक्का, मराठीत आणि हिंदीत. विरोधी मतं ऐकायला आवडतील.

हाडांचा_डॉक्टर

"कोणी सांगत नाही" हे सरसकट विधान आहे. मी सांगतो. प्रत्येकाला नाही सांगत, आणि ते जाणूनबुजून.

पालिकेच्या रुग्णालयात ऑर्थोच्या ओपीडीत बसतो. एका पेशंटला दोन मिनिटं मिळाली तर तो दिवस चांगला. त्यात एक्स-रे बघायचा, साखर विचारायची, प्लास्टर कधी काढायचं ते सांगायचं, फिजिओला पाठवायचं. आता यात मी "सवय लागेल" म्हटलं की काय होतं ते ऐका. तो गोळी घेत नाही. गोळी घेत नाही म्हणून गुडघा वाकवत नाही. वाकवत नाही म्हणून गुडघा आखडतो, आणि सहा आठवड्यांनी तोच पेशंट मला विचारतो, ऑपरेशन बिघडलं का? पोटाच्या ऑपरेशननंतर दुखतंय म्हणून जो नीट खोकत नाही त्याच्या छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो. दुखणं सोसण्याचेही दुष्परिणाम असतात, ते कुठल्या शिक्क्यावर लिहिणार?

दुसरं. ही गोळी नको म्हटल्यावर पेशंट काहीच घेत नाही असं समजू नका. कोपऱ्यावरच्या दुकानातून डायक्लोफेनॅक, म्हणजे अफूशी संबंध नसलेलं साधं वेदनाशामक घेतो, दिवसाला तीन-तीन, महिनोन्महिने. सवय लागत नाही म्हणून सगळे निर्धास्त. त्याने पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते. डायलिसिसवरच्या माणसाला "पण तुम्हाला व्यसन तर नाही ना लागलं" असं सांगायचं का?

चार-पाच दिवसांच्या गोळ्यांसाठी भीती घालणं मला पटत नाही.

माहीमकर

डॉक्टर, दोन मिनिटं मान्य. पण त्याच दोन मिनिटांत तुम्ही सगळे "रिकाम्या पोटी घेऊ नका" हे न चुकता सांगता. मुंबईतल्या कुठल्याही आजीला विचारा, तिला ते पाठ आहे. त्याला वेळ सापडतो, कारण ते सांगायचं असतं असं तुमच्या शिक्षणात ठरलेलं आहे. मला त्याच्या शेजारी अजून एक वाक्य हवं आहे. भीती घाला असं मी म्हटलेलं नाही.

आणि चार-पाच दिवसांचं ठीक. माझ्या सासऱ्यांच्या चिठ्ठीवर दिवसच लिहिलेले नव्हते.

लालबागची_लेक

माझं मत धाग्याच्या अगदी विरुद्ध आहे आणि त्याला कारण आहे.

बाबांना कॅन्सर होता. टाटामध्ये वेदना विभागाच्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या, दर चार तासांनी घ्यायच्या. घरी भेटायला आलेल्या एका नातेवाइकाने पाकीट हातात घेतलं आणि म्हणाला, "अरे ही तर अफू, गर्दुल्ला करतील तुला." त्या दिवसापासून बाबा गोळी जिभेखाली धरायचे आणि आम्ही वळलो की थुंकायचे. गिरणीत आयुष्य काढलेला माणूस, कुणाला गर्दुल्ला म्हणवून घ्यायचं नव्हतं. रात्रभर उशीत तोंड खुपसून कण्हायचे. आम्हाला वाटायचं औषध लागू पडत नाही.

हा देश मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकवतो. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. आणि १९८५ चा हाच एनडीपीएस कायदा आल्यावर इथल्या इस्पितळांतून मॉर्फिन जवळजवळ नाहीसं झालं, बारा वर्षांत त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. परवान्यांच्या कटकटीमुळे कोणी ठेवेना. २०१४ मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे वाट थोडी मोकळी झाली. हे सगळं कशामुळे झालं? "सवय लागेल" या भीतीमुळे. आणि आता तुम्ही तीच भीती शिक्का करून चिठ्ठीवर मारणार. मॉर्फिनच्या चिठ्ठीवरही मारणार का?

खवचट_गिरगावकर

सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग सडलेल्या घशाच्या चित्राने २०१६ पासून भरलाय. आमच्या नाक्यावरच्या टपरीचा धंदा तिळमात्र कमी झालेला नाही. शिक्का मारा, शाईवाल्याचं भलं होईल.

माहीमकर

सिगारेट माणूस स्वतःच्या पायाने जाऊन, वाईट आहे हे जाणून घेतो. ही गोळी त्याच्या हातात डॉक्टर ठेवतो आणि तो विश्वासाने गिळतो. दोन्हीला एकच न्याय कसा लावता?

लालबागची_लेक, वाचून वाईट वाटलं. पण बाबांना भीती डॉक्टरांनी घातली नाही, नातेवाइकाने घातली. डॉक्टर आधीच बोलले असते तर नातेवाइकाच्या बोलण्याला जोर राहिला नसता, असं नाही वाटत?

लालबागची_लेक

डॉक्टर बोलले होते. बद्धकोष्ठ होईल, म्हणून जुलाबाचं औषध सोबतच दिलं होतं. पहिले दोन-तीन दिवस झोप येईल, मळमळेल, हेही सांगितलं होतं. सवयीबद्दल विचारल्यावर म्हणाले, वेदनेसाठी योग्य मात्रेत घेतलं तर काळजी करू नका. सगळं नीट सांगूनही एका वाक्याने पाणी फिरलं. तुमच्या हिशोबात ऐकणारा माणूस कोरा आहे. तो कोरा नसतो. त्याच्या डोक्यात नाक्यावरचे गर्दुल्ले आधीच बसलेले असतात.

केमिस्ट_काउंटर

मुलुंडला दुकान आहे, म्हणून जरा आतलं सांगतो.

एच-१ चं रजिस्टर आम्ही लिहितो. नाव विचारलं की गिऱ्हाईक भडकतं, "मी काय चोर आहे का" म्हणतं आणि पलीकडच्या दुकानात जातं. चिठ्ठी म्हणजे काय तर मोबाईलमध्ये काढलेला फोटो, व्हॉट्सॲपवर फिरून फिरून अक्षर पुसट झालेलं. तारीख दिसत नाही. दिसली तर गेल्या वर्षीची. डॉक्टर लोक "एक-शून्य-एक" (सकाळी एक, रात्री एक) लिहितात, पुढे किती दिवस ते लिहीत नाहीत. काही जण तर "चालू ठेवा" लिहून मोकळे. मी किती गोळ्या द्यायच्या?

वरती कोणी म्हणायच्या आधीच सांगतो, केमिस्टने सांगावं हे बोलायला सोपं आहे. संध्याकाळी सातची वेळ, काउंटरवर गर्दी, काकूंच्या शेजारी त्यांच्याच बिल्डिंगमधल्या दोन बायका उभ्या. मी मोठ्याने म्हणू का, "काकू, याचं व्यसन लागतं हं"? दुसऱ्या दिवशी काकू माझ्या दुकानात येणार नाहीत आणि सोसायटीत वेगळीच बातमी फिरणार. डॉक्टरकडे निदान दार बंद असतं.

हाडांचा_डॉक्टर

आमच्या ओपीडीत दारच नाही, पडदा आहे. पडद्याच्या आत पुढचे तीन पेशंट आधीच येऊन उभे असतात. असो.

न्यूजर्सीचा_दादरकर

इथे राहून जे पाहिलं ते लिहितो. धागाकर्त्याच्या बाजूने आहे, पण थोड्या वेगळ्या अंगाने.

अमेरिकेत या गोळ्यांच्या व्यसनाचं जे संकट आलं ते पेशंटला सांगितलं नाही म्हणून आलं असं नाही. पेशंटला सांगितलं होतं, पण खोटं. आणि सांगणाऱ्या डॉक्टरला ते खरं वाटत होतं. १९८० साली एका नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. इस्पितळात भरती असताना अशी औषधं मिळालेले ११,८८२ पेशंट, त्यातल्या फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद, असं त्यात होतं. भरती पेशंट, नर्स मोजून गोळी देणार, घरी गेल्यावर काय झालं ते कोणी पाहिलं नाही. पण ते पत्र पुढे वीस-तीस वर्षं "धोका एक टक्क्याहून कमी" याचा पुरावा म्हणून फिरलं. २०१७ मध्ये कोणीतरी मोजलं तर ६०८ ठिकाणी त्याचा हवाला होता. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे याच जातीचं वेदनाशामक बाजारात आलं, कंपनीच्या विक्री प्रतिनिधींनी हाच आकडा डॉक्टरांच्या गळी उतरवला. २००७ मध्ये व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा त्या कंपनीने कबूल केला, सुमारे ६० कोटी डॉलर भरले. तोवर गावंच्या गावं बसली होती.

म्हणून माझा प्रश्न: मुंबईत तुमच्या डॉक्टरला टॅपेंटाडॉलबद्दल माहिती कोण देतो? मेडिकल कॉलेज सोडून पंधरा वर्षं झालेल्या जीपीला? केबिनबाहेर बॅग घेऊन बसलेला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधीच ना? आधी त्याच्या हातातलं गुळगुळीत पत्रक तपासा, मग पेशंटच्या चिठ्ठीवरचा शिक्का.

एक आकडा मात्र उपयोगाचा आहे. २०१७ मध्येच इथल्या सरकारी संस्थेने विम्याच्या नोंदी तपासल्या, कॅन्सरचे पेशंट वगळून. पहिल्यांदा एकाच दिवसाची गोळी मिळालेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोक वर्षानेही ती घेत होते. आठ दिवस किंवा जास्त, तर १३.५ टक्के. महिन्याच्या वर गेलं की जवळजवळ ३० टक्के. त्यातल्या काहींचं दुखणंच मोठं असणार, हे धरूनही पहिल्या चिठ्ठीवर किती दिवस लिहिलेत ते बघायला हवं, हे उघड आहे.

हाडांचा_डॉक्टर

अमेरिकेची आग दाखवून इथे पाण्याचे फवारे मारू नका. तिथे गोळ्यांचा पूर होता, इथे लालबागच्या ताईंनी लिहिलं तसा दुष्काळ आहे. आणि पुढचं प्रकरणही सांगा ना दादरकर. २०१६ मध्ये तिथे या गोळ्या जपून लिहा अशा मार्गदर्शक सूचना आल्या, डॉक्टर घाबरले, वर्षानुवर्षं गोळीवर असलेल्यांच्या गोळ्या एका फटक्यात बंद केल्या. लोक तडफडले, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये तिथल्याच एफडीएला, म्हणजे त्यांच्या औषध प्रशासनाला सांगावं लागलं की असं अचानक बंद करू नका. २०२२ मध्ये सूचना नव्याने लिहाव्या लागल्या. धाक घातल्यावर काय होतं त्याचंही हेच उदाहरण आहे.

न्यूजर्सीचा_दादरकर

ते खरं आहे, आणि लिहायला हवं होतं. पण अचानक बंद करणारे डॉक्टरच होते. पेशंटला आधीपासून माहिती असती की हे हळूहळू कमी करायचं असतं, तर निदान भांडता आलं असतं.

कायदा_कट्टा

वकिली बाजू थोडक्यात. समिरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, २००८, सर्वोच्च न्यायालय. उपचाराचं स्वरूप, फायदा, मोठे धोके आणि दुसरे पर्याय एवढी पुरेशी माहिती पेशंटला मिळायला हवी, दूरदूरचे सगळे धोके वाचून दाखवायची गरज नाही, असा त्याचा रोख. ते प्रकरण ऑपरेशनच्या संमतीचं होतं. गोळीच्या चिठ्ठीला कोणी संमतिपत्र म्हणत नाही. ब्रिटनमध्ये २०१५ च्या माँटगोमेरी निकालाने मोजमाप बदललं: त्या पेशंटला जे महत्त्वाचं वाटलं असतं ते सांगायचं. आपण अजून तिथे नाही.

तरी मी शिक्क्याच्या विरोधात आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री नातेवाइकांपुढे चार पानी इंग्रजी फॉर्म येतो, फुलीच्या जागी सह्या होतात, कोणी वाचत नाही. तो फॉर्म पेशंटसाठी नसतो, उद्या केस झाली तर दाखवायला असतो. शिक्क्याचं तेच होणार. वॉर्डबॉय सकाळी शंभर केसपेपरवर आधीच मारून ठेवेल आणि मग डॉक्टर आज जे एखाद्याला तोंडाने सांगतो तेही थांबेल. "शिक्का मारलाय की."

खवचट_गिरगावकर

वॉर्डबॉयवालं अगदी डोळ्यांसमोर आलं. कफ सिरप आणि पॅरासिटामॉलवरही मारून ठेवेल तो.

वस्तीतली_ताई

गोवंडीच्या वस्तीत आरोग्याचं काम करते. तुम्ही सगळे चिठ्ठी, स्ट्रिप, लाल चौकट, माहितीपत्रक याबद्दल बोलताय. आमच्याकडे बायका कंबरदुखीला गल्लीतल्या डॉक्टरकडे जातात. तो डब्यांतून सुट्या गोळ्या काढतो, एक पांढरी, एक पिवळी, एक अर्धी, कागदाच्या पुडीत बांधतो, दोन दिवसांचं औषध आणि सुई मिळून शंभर-दीडशे रुपये. नाव नाही, चिठ्ठी नाही. पुडीत डायक्लोफेनॅक आहे, स्टेरॉइड आहे की आणखी काही, ते त्यालाच ठाऊक. चार घरची धुणीभांडी करणारी बाई म्हणते, "त्यांच्या हाताला गुण आहे, पुडीने लगेच उतरतं." म्हणजे गुण डॉक्टरच्या हाताचा असं तिला वाटतं. पुडी नसेल त्या दिवशी अंग मोडून येतं, कामावर खाडा, पगार कापला. तिला सवय लागली आहे का? माहीत नाही, कारण कशाची ते माहीत नाही.

शिक्का कुठे मारणार, पुडीवर? आधी पुडीत काय आहे ते लिहायला लावा. औषधाचं नाव मिळणं हा पहिला हक्क आहे, धोका नंतर.

माहीमकर, तुमच्या मागणीला विरोध नाही. पण तिचा फायदा ज्यांना वाचता येतं आणि ज्यांचे जावई इंटरनेटवर लिहितात त्यांनाच होणार, एवढं लक्षात असू द्या.

माहीमकर

ताई, जावयावरचा टोला पोचला. पुडीचा मुद्दा इतका मोठा आहे की त्याला वेगळा धागा हवा, तुम्हीच काढा. पण पुडी बंद होईपर्यंत चिठ्ठीवाल्यांनाही सांगू नये, असं त्यातून निघत नाही.

मनोविकार_ओपीडी

उशिरा आले, सगळं वाचलं. मी व्यसनमुक्तीच्या ओपीडीत काम करते, म्हणजे दुसऱ्या टोकाला बसते.

दोन गोष्टींची सरमिसळ होते आहे. माहीमकरांच्या सासऱ्यांना जे झालं ते बहुतेक शरीराला झालेली सवय. काही आठवडे रोज घेतली की ती कोणालाही होऊ शकते, तुमच्या-माझ्यासारख्यालाही. गोळी टप्प्याटप्प्याने उतरवली की सुटते. व्यसन निराळं. तिथे माणूस दुखत नसतानाही गोळी शोधतो, मात्रा स्वतः वाढवतो, चार दुकानं फिरतो, घरात खोटं बोलतो. दीर्घ दुखण्यासाठी ही औषधं घेणाऱ्यांत व्यसनाचं प्रमाण ८ ते १२ टक्के असल्याचं अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं होतं, अभ्यास बहुतेक पाश्चात्त्य देशांतले. म्हणजे एक टक्का नाही आणि सगळेही नाहीत. इथलं म्हणाल तर २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अशी औषधं वेदनेपलीकडे वापरणाऱ्यांचं प्रमाण ०.९६ टक्के निघालं, हेरॉइनचं १.१४ टक्के. दोन्हींत फार अंतर नाही. दुष्काळ आहे खरा, पण गळतीही आहे.

कोणाला लागतं? माझ्यासमोर येतात त्यांत आधीपासून दारू असलेले, झोपेच्या गोळ्या घेणारे, आधी कसलं तरी व्यसन झालेले, दुखण्यासोबत उदास असलेले जास्त. आणि ज्यांच्या हाताशी औषध असतं ते: नर्सिंग स्टाफ, वॉर्डातले लोक. पेंटाझोसिन या वेदनाशामकाच्या सुया घेऊन दंडाला जखमा झालेले. त्यांना तर सगळी माहिती होती.

डॉक्टर, तुमच्या दोन मिनिटांत शिक्क्यापेक्षा एक प्रश्न जास्त कामाचा आहे: "दारू घेता का, झोपेची गोळी चालू आहे का?" दोन्हींसोबत ही गोळी श्वास मंदावू शकते. डिप्रेशनची काही औषधं चालू असतील तर ट्रामाडॉलने फिट येऊ शकते. हे विचारलं नाही तर सवय लागायच्या आधीच घात होतो.

पण मी सांगण्याच्या बाजूने आहे. लालबागच्या ताई, तुमच्या बाबांना गर्दुल्ला शब्द लागला, कारण व्यसन आणि शरीराची सवय यांतला फरक कोणी आधी समजावला नव्हता. "काळजी करू नका" हे उत्तर नव्हे. घाबरलेल्या माणसाला ते उत्तर टाळल्यासारखं वाटतं.

लालबागची_लेक

ते डॉक्टर देवमाणूस होते. एवढंच लिहिते.

केमिस्ट_काउंटर

ट्रामाडॉल एनडीपीएसमध्ये गेल्यापासून माझ्या काउंटरवर टॅपेंटाडॉलच्या चिठ्ठ्या वाढल्या. एकाला कुलूप लावलं की बाजूचं दार उघडतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या मुंबईच्याच एका कंपनीवर धाड पडली होती, टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं औषध) एकत्र करून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होते. सरकारने ती जोडगोळी बनवणं आणि निर्यात बंद केलं. तिथल्या पोरांना कोणी शिक्का दाखवला होता?

माहीमकर

ठीक. मग भांडण पुरे, मजकूरच लिहू. मॉर्फिन आणि कॅन्सरच्या वेदनेच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवतो, लालबागची_लेक यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बिनशर्त मान्य. बाकीसाठी हा मसुदा:

"या गोळीची सवय लागू शकते. लिहिलेल्या दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका. दारूसोबत घेऊ नका. एकदम बंद करू नका. उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका."

हाडांचा_डॉक्टर

चौथ्या वाक्याने घोटाळा होणार. ज्याला मी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या तो तिसऱ्या दिवशी दुखायचं थांबलं की बंद करतो, आणि तेच बरोबर आहे. त्याने "एकदम बंद करू नका" वाचलं तर तो पाचच्या पाच दिवस घेईल, वर अजून आणायला येईल. अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करा, हे आपण लोकांच्या डोक्यात बसवलंय, त्याच चालीवर ही गोळी पण पुरी करतील. म्हणजे तुमचा शिक्काच सवय लावणार.

मनोविकार_ओपीडी

बरोबर हरकत आहे. दोन वेगळे मजकूर लागतील. थोड्या दिवसांच्या चिठ्ठीवर: "दुखणं थांबलं की गोळी थांबवा." आणि ज्याची गोळी दोन-तीन आठवड्यांच्या पुढे गेली आहे त्याला: "स्वतःहून एकदम बंद करू नका, कशी कमी करायची ते विचारा." दुसऱ्या प्रकारात खाली १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन टाकता येईल, पण कोपऱ्यात. ठळक टाकलात तर पेशंट कागदच लपवेल.

कायदा_कट्टा

दोन मजकूर म्हणजे कुठला द्यायचा ते कोणीतरी डोकं लावून ठरवणार. हे मला शिक्क्यापेक्षा बरं वाटतं. वॉर्डबॉयला जमणार नाही.

हाडांचा_डॉक्टर

डोकं लावायला माहिती लागते. माझ्यापुढे जो येतो त्याची ही पहिली चिठ्ठी की तिसऱ्या महिन्याची, ते मला कसं कळणार? मागच्या वेळी दुसऱ्या युनिटच्या रेसिडेंटने बघितलेलं असतं, मधल्या महिन्यात तो घराजवळच्या खासगी डॉक्टरकडे गेलेला असतो, आणि आज केसपेपर नवा.

वस्तीतली_ताई

पेशंट सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतो, डॉक्टर. एक्स-रेच्या मागे असतात. तुम्ही एक्स-रे तेवढा काढून घेता आणि पिशवी परत देता.

हाडांचा_डॉक्टर

पिशवी बघत जाईन. पण व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर घेतलेल्या गोळ्यांचा कागद त्या पिशवीतही नसतो. तो मुलुंडच्या रजिस्टरात असतो.

केमिस्ट_काउंटर

असतो ना. तीन वर्षं असतो. एवढ्या वर्षांत एकाही डॉक्टरने फोन करून विचारलं नाही.